चिठ्ठीत आलेली बाजू

चष्मेवाल्याने सरांचा चष्मा नाकावरून उतरवून घेतला, काड्या सोडवल्या, काचा वेगळ्या करून मऊ कापडाच्या तुकड्यावर ठेवल्या आणि म्हणाला, "बसा दहा मिनिटं. नवीन काचा घासून बसवतो. तोवर एक ऐकवतो तुम्हाला. काय बोलते हो पोरगी! अंगावर काटा येतो." सर बसले. चष्मा नसला की सरांचं जग हाताच्या अंतरावर संपायचं. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता म्हणजे नुसतं पांढरं काहीतरी, आणि चष्मेवाल्याने नाकापुढे धरलेला फोन म्हणजे हलणारा निळा ठिपका. मग आवाज आला. "मी तुमच्याकडे पैसे मागायला आलेले नाही. मी मत मागायला आलेले नाही." इथे आवाज थांबला. सरांनी सवयीने मनात मोजलं, एक, दोन, तीन, आणि बरोबर तिसऱ्या आकड्याला आवाज परत आला, खालच्या पट्टीत, अगदी कानाशी बोलल्यासारखा: "मी फक्त एक कुलूप मागायला आलेय." ते तीन आकडे त्यांचे होते. शेवटचं वाक्य वर चढवायचं नाही, खाली उतरवायचं, म्हणजे मागच्या रांगेतला माणूससुद्धा पुढे वाकतो, हेही त्यांचंच होतं. चेहरा दिसत नव्हता आणि दिसायची गरजही नव्हती. शिक्षकांच्या खोलीत सगळे जिला 'तोफ' म्हणायचे, जिच्या नावाचे सहा चषक मुख्याध्यापिकांच्या कपाटात होते, ती ही पोरगी.

"कोण आहे ही?" सरांनी विचारलं. माहीत असून विचारलं, आणि विचारल्याबद्दल लगेच स्वतःचा राग आला. "ते मला विचारता?" चष्मेवाला हसला. "गणवेश तर तुमच्याच शाळेचा दिसतोय. रविवारी चार वाजता चौकात सभा आहे, तिथेही हीच बोलणार. सभा झाली की सगळ्यांनी मिळून खालच्या गल्लीत जायचं आणि त्या बाहेरून आलेल्यांच्या दुकानांना कुलपं ठोकायची. दगड नाही, काठी नाही. बघा ना, किती सभ्य पद्धत! मीसुद्धा एक दिलंय. पितळी. जुनंच होतं म्हणा." शाळेच्या स्नेहसंमेलनाला जाहिरात द्यावी तितक्या सहज तो हे सांगत होता. वाईट माणूस नव्हता हो. वीस वर्षं सरांचे डोळे तपासत होता, सरांच्या मुलाचा पहिला चष्मा त्यानेच बनवला होता आणि मूल रडलं म्हणून त्याला लिमलेटची गोळी दिली होती. सरांना म्हणायचं होतं की अरे बाबा, त्या दुकानांच्या मागच्याच खोल्यांत माणसं राहतात, लेकरंबाळं राहतात, त्यांना दुसरं दार नाही, शटर हेच त्यांचं दार. पण चष्म्याशिवाय माणसाला भांडताही येत नाही. समोरच्याचे डोळे कुठे आहेत तेच कळत नाही. सर नवीन काचा लावून बाहेर पडले, आणि नव्या नंबरामुळे फुटपाथ त्यांना उतरता दिसायला लागला.

उतरत्या फुटपाथावरून पाय जपून टाकत ते शाळेकडे निघाले, आणि मन मात्र तीन वर्षं मागे गेलं. ही मुलगी सातवीत होती. पंखा बंद का करायचा नाही यावर वर्गात कुणाशी तरी हमरीतुमरीवर आली होती. सर दाराशी उभे राहून ऐकत होते. बाकीचे शिक्षक असते तर तिला बाहेर उभं केलं असतं. सरांनी मधल्या सुट्टीत तिला बोलावलं आणि म्हणाले, "आता हेच उलट बाजूने बोल. पंखा बंद का करायला हवा?" ती क्षणभर बघत राहिली आणि सुरू झाली, आणि काय सुरू झाली! सरांना वाटलं, इतक्या वर्षांच्या नोकरीचं सार्थक झालं. तेव्हापासून दर बुधवारी शाळा सुटल्यावर चित्रकलेच्या वर्गात सराव. कंपासपेटीत दोन चिठ्ठ्या असत, एकीवर 'बाजूने', दुसरीवर 'विरुद्ध'. जी येईल ती आपली. तुला स्वतःला काय वाटतं, हा प्रश्न त्या खोलीत कधी कुणी कुणाला विचारायचा नाही, हा सरांचा नियम. त्यांना या नियमाचा मोठा अभिमान होता. मुलं दोन्हीकडून विचार करायला शिकतात, डोकं मोकळं राहतं, कुणाच्या नादी लागत नाहीत, असं ते पालकसभेत छातीठोकपणे सांगायचे. नादी लागत नाहीत! रस्त्याच्या मधोमध सरांना स्वतःचं ते वाक्य आठवलं आणि त्यांनी जोरात मान हलवली. समोरून येणाऱ्या बाईला वाटलं, आपल्यालाच नाही म्हणतायत.

मुख्याध्यापिकांच्या टेबलावर पत्र टाईप होऊन तयारच होतं. शाळेच्या शिस्तीस बाधा, गणवेशाचा गैरवापर, सबब नाव कमी करण्यात येत आहे. "चाळीस हजार लोकांनी पाहिलंय सर," त्या म्हणाल्या, "आणि चाळीस हजारांनी आपल्या शाळेचं बोधचिन्ह पाहिलंय. संस्थेचा सकाळपासून तिसरा फोन. आणि मला एक सांगा, त्या प्रशिक्षणाला तुम्हीच बसला होतात ना?" सर बसले होते. दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. 'टोकाच्या विचारांपासून विद्यार्थ्यांचे रक्षण: शिक्षकांची भूमिका', असा फलक, पाण्याच्या बाटल्या, पोलीस खात्यातला एक तरुण अधिकारी, आणि पडद्यावर बारा लक्षणांची यादी. मूल अबोल होतं. मित्र तोडतं. अभ्यासात मागे पडतं. शेवटच्या रांगेत सर घटक चाचणीचे पेपर तपासत बसले होते. मध्येच मान वर करून त्यांनी यादी वाचली होती आणि नववीच्या एका घुम्या मुलाचं नाव समोरच्या कागदावर लिहूनही दिलं होतं. तो मुलगा पुढे नुसता बहिरा निघाला, उजव्या कानाने. आणि तोफ? तोफ अबोल झाली नाही, उलट जास्त बोलायला लागली. तिचे गुण वाढले. तिला मैत्रिणींची नवी टोळी मिळाली. बारापैकी एकही खूण तिच्यावर बसत नव्हती, कारण ती यादी गप्प मुलांची होती आणि हिला तर त्यांनी बोलायला शिकवलं होतं. "मला शुक्रवारपर्यंत वेळ द्या," सर म्हणाले. "तिचं नाव काढलंत तर ती आयतीच त्यांच्या हातात जाईल. सध्या दिवसातले सहा तास तरी ती आपल्याकडे आहे." मुख्याध्यापिकांनी चष्म्यावरून बघितलं. "शुक्रवारी पाच वाजता. ती व्हिडिओ काढून टाकेल आणि रविवारी जाणार नाही, असं तिच्याकडून लेखी. नाहीतर हे पत्र." मग जरा थांबून म्हणाल्या, "तुमचं ऐकेल ती. तुमच्यापुढे कुणाचं काय चाललंय आजवर?" सरांना ते कौतुक वाटलं.

आणि ती आली की! हाच तर सगळा घोटाळा होता. दुसऱ्या दिवशी बुधवार होता, सरावाचा वार, आणि ती नेहमीसारखी दप्तर एका खांद्यावर टाकून चित्रकलेच्या वर्गात आली, जणू काही झालंच नाही. रंगांच्या वासात, वाळत घातलेल्या चित्रांच्या दोऱ्यांखाली दोघं समोरासमोर बसले. "पाहिलंत सर?" तिने विचारलं. डोळ्यांत ती जुनीच चमक, भाषण झाल्यावर विंगेत यायची तेव्हाची. सरांना वाटलं, ही शाबासकीची वाट बघतेय. त्यांच्या तोंडून जवळजवळ निघूनही गेलं असतं की तो तीन आकड्यांचा थांबा उत्तम घेतलास. त्यांनी स्वतःला आवरलं आणि सुरुवात केली. सगळी तयारी झाली होती, आदल्या रात्रीच मुद्दे काढून ठेवले होते. पहिलाच मुद्दा त्यांनी टाकला: "शटरच्या आत माणसं असली तर?" ती काहीतरी बोलायला गेली आणि थांबली. "असं... आधी बघतील ना ते," ती म्हणाली. "कोण बघेल? पाचशे माणसांत कोण बघेल? तू बघणार?" ती हातातल्या पेनाचं टोपण काढायला-घालायला लागली. आणि सर, शहाणे सर, तीस वर्षांचे अनुभवी सर, तिथे थांबले नाहीत. समोरचा अडखळला की पुढचा वार करायचा, त्याला सावरू द्यायचं नाही, हे अंगात मुरलेलं. त्यांनी दुसरा मुद्दा टाकला, कायद्याचा. तिसरा आकड्यांचा. शहरातलं काम कशामुळे कमी झालं, यंत्रं किती आली, ठेकेदार किती बदलले. चौथा, पाचवा. तिच्याच भाषणातली वाक्यं घेऊन त्यांनी ती उलटी टांगली. एका जागी तर त्यांना स्वतःलाच हसू आलं, इतकं चपखल बसलं. शेवटी ती म्हणाली, "बरोबर आहे सर." सपाट आवाजात म्हणाली, दप्तर उचललं, "येऊ?" म्हणाली आणि गेली. सरांनी खिडक्या लावल्या, पंखा बंद केला. अंगात एक हलकेपणा आला होता, स्पर्धा जिंकून बसमधून परत येतानाचा.

घरी बायको इस्पितळातून नुकतीच आली होती. ती तिथल्या प्रयोगशाळेत होती, दिवसभर लोकांचं रक्त तपासायची, आणि घरी आली की आधी अर्धा तास पाय वर करून बसायची. सरांनी तिला सगळं सांगितलं, मुद्द्यांसकट, नक्कल करून. ती ऐकत होती. मग म्हणाली, "आणि ती काय म्हणाली?" "काय म्हणणार? काही उरलंच नव्हतं तिच्याकडे. बरोबर आहे म्हणाली." बायकोने डोळे मिटले. "म्हणजे गेली ती." "गेली म्हणजे?" "अहो, मीसुद्धा बरोबर आहे असंच म्हणते. तुमचं बोलणं संपावं असं वाटलं की म्हणते." हे ती चिडून म्हणाली नाही, त्यामुळे सरांना जास्त लागलं. मग तिने विचारलं, "ती कुठे अडकली का? एकदा तरी?" सर आठवत म्हणाले, "पहिल्याच मुद्द्याला. आतल्या माणसांवर." "मग तिथेच थांबायचं होतं ना," ती म्हणाली, "तिला जरा अडकू द्यायचं होतं." आणि चहा ठेवायला उठली. सर तिथेच बसून राहिले, तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण राग कुणाचा हे धड ठरेना. बायकोचा? पोरीचा? त्या बारा लक्षणांच्या यादीचा? बाहेरच्या खोलीत मुलाचा रिकामा पलंग होता, त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवलेले. मुलगा दुसऱ्या शहरात नोकरीला होता. आठवड्यातून एकदा फोन करायचा, तिकडे ऊन किती, पाऊस किती, ऑफिसला जायला किती वेळ लागतो, एवढंच सांगायचा. कॉलेजात असताना तो शिक्षण सोडून संगीत शिकायचं म्हणाला होता, तेव्हा जेवणाच्या टेबलावर सरांनी त्याला नऊ मुद्द्यांत नेस्तनाबूत केलं होतं. तोही म्हणाला होता, बरोबर आहे बाबा. त्यानंतर त्याने घरात कुठलंच मत मांडलं नाही, आणि सरांना वाटत आलं होतं की पोरगा समजूतदार झाला.

गुरुवारी ती शाळेत आली नाही. दुपारच्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत सगळे एका फोनभोवती गोळा झाले होते, सर आत शिरताच पांगले, आणि चित्रकलेच्या बाईंनी काही न बोलता फोन त्यांच्या हातात दिला. या वेळी तिने गणवेश घातला नव्हता. "काल मला एक फार हुशार माणूस भेटला," ती म्हणत होती, "त्याने मला पाच मुद्दे सांगितले. आपण एकेक घेऊ." आणि तिने ते घेतले. एकेक, ओळीने, ज्या क्रमाने सरांनी मांडले होते त्याच क्रमाने, आणि प्रत्येकाच्या चिंधड्या उडवल्या. काही ठिकाणी खोटं बोलली, काही ठिकाणी अर्धं. पण काय सफाईने! फक्त पहिला मुद्दा तिने घेतला नाही. कायद्यापासून सुरुवात केली होती. सरांच्या ते लक्षात आलं आणि मनात कुठेतरी बारीकशी कळ आली, आशेची की काय, पण धड पकडता येईना. बाकी नुसता संताप. आपणच दारूगोळा पुरवला. तिला गप्प केलं नव्हतं, तिची तयारी करून घेतली होती, नेहमीसारखी.

शाळा सुटल्यावर पाय आपोआप खालच्या गल्लीकडे वळले. काय करायला, कोण जाणे. तोंडावरच किल्लीवाल्याचं दुकान होतं. त्याने मागे एकदा सरांच्या कपाटाची हरवलेली किल्ली नुसतं कुलूप बघून घासून दिली होती. दुकान म्हणजे चार हात रुंदीची खोली, मागे पडदा, पडद्यामागून कुकरची शिट्टी आणि कुणीतरी पाढे म्हणत असल्याचा आवाज. "या साहेब, या!" किल्लीवाला आज भलताच खुशीत होता. त्याची भाषा जरा वेगळी होती, शब्द ओळखीचे पण हेल परका. "या आठवड्यात देवाने हात दिला बघा. वर्षभरात खपली नसतील इतकी कुलपं खपली. दोन दिवसांत खोका संपला. आणखी मागवलीत. कशाला लागतायत लोकांना एवढी, चोऱ्या वाढल्यात का?" सरांनी त्याच्याकडे बघितलं. बोला ना, बोला! तीस वर्षं मुलांना कसं बोलावं शिकवलंत, आता बोला. शेवटी म्हणाले, "रविवारी दुकान बंद ठेवा. आणि घरात थांबू नका, मुलांना घेऊन कुठेतरी जा." किल्लीवाल्याचं हसू हळूहळू उतरलं. त्याने मागच्या फळीवर रचलेल्या कुलपांकडे पाहिलं, मग सरांकडे. "कुठे जाऊ, साहेब?" त्याने विचारलं. अगदी साधा प्रश्न होता, वाद घालायला केलेला नव्हता. पडद्यामागचं मूल सतराच्या पाढ्यात चुकलं आणि परत पहिल्यापासून म्हणायला लागलं.

शुक्रवारी साडेतीनला शाळेतून निघून सर तिच्या घरी गेले. तीन वर्षांत पहिल्यांदाच. पत्ता हजेरीपटातून घ्यावा लागला, याची त्यांना जिना चढताना लाज वाटली. दार तिच्या वडिलांनी उघडलं. दाढी वाढलेला, रुंद खांद्यांचा माणूस. जमिनीवर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर कुणाचा तरी टेबलफॅन उघडून ठेवलेला, स्क्रू एका वाटीत. "सर तुम्ही!" म्हणून तो गडबडला, हात सदऱ्याला पुसले, एकुलती खुर्ची पुढे केली. "गोदामाचं काम गेल्यापासून हे असं चालू असतं. वेळ जातो." सरांनी विचारलं, "कधी गेलं काम?" "झालं की वर्ष. सप्टेंबरात." तोफ आतल्या दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. "सप्टेंबरच्या पाच तारखेला, सर," ती म्हणाली. "ठेकेदाराने बाहेरचे लोक अर्ध्या पगारात आणले आणि बाबांना काढलं. आणि सत्तावीस तारखेला आपली अंतिम फेरी होती. विषय आठवतो?"

सरांना आठवला. बाहेरून आलेल्यांमुळे शहर समृद्ध होतं. तिच्या हाती 'बाजूने'ची चिठ्ठी आली होती. आणि मग विसरलेलं बाकीचंही वर आलं. सरावाच्या दिवशी ती चिठ्ठी धरून उभी राहिली होती, म्हणाली होती, सर, मला ही बाजू नको, माझ्या घरी जरा, आणि सरांनी वाक्य पुरं होऊ दिलं नव्हतं. ते म्हणाले होते, वक्त्याला घर नसतं. सगळी मुलं हसली होती, तीही. त्यांनी मग तिला एक वाक्य लिहून दिलं होतं, त्या स्पर्धेतलं सगळ्यात गाजलेलं वाक्य. ते तिने आता चौकटीशी उभं राहून म्हटलं, हातवारे न करता: "काम गेलं म्हणून रडणाऱ्यांना मी एवढंच विचारते, काम होतं तेव्हा तरी केलं होतं का?" मग म्हणाली, "सभागृह कोसळलं होतं हसून. परीक्षकसुद्धा. बाबा तिसऱ्या रांगेत बसले होते. मी बोलावलं होतं त्यांना. मी बघितलं, ते उठून गेले. मी चषक घेऊन घरी आले तर कुणी काही बोललंच नाही. दुसऱ्या दिवशी मला त्या सभावाल्यांतल्या एकीचा मेसेज आला, की तुला हे बोलायला लावलं ना? तुझ्या घरी काय झालंय? सर, तिने विचारलं. तुमच्यापैकी कुणी विचारलं नव्हतं." तिचा आवाज चढला होता, फुटला होता, त्यात कुठलीही युक्ती नव्हती. सरांच्या जिभेवर उत्तरं गोळा झाली. मला काय माहीत तुझे वडील तिथे होते. स्पर्धा होती ती. आणि त्या बाईने विचारलं ते तुझ्यासाठी नाही, तुझ्या आवाजासाठी. सगळं खरं होतं. सरांनी ते सगळं गिळलं.

मग वडील बोलले. हातात फॅनचं पातं होतं, त्याच्याकडे बघत बोलले. "मी उठून गेलो ते बिडी ओढायला नव्हतो गेलो, रागावूनही नाही. मला रडायला आलं होतं, तिथे कसं रडायचं? बाहेर जाऊन दाराशी उभा राहिलो. निकाल ऐकला. टाळ्या वाजवल्या मी. पोरगी जिंकली ना माझी." तोफ त्यांच्याकडे बघतच राहिली. "मग बोलला का नाहीत?" "तू आलीस ती चेहरा पाडूनच आलीस. मला वाटलं, काम गेलेला बाप म्हणून लाज वाटते तुला." वर्षभर ही दोन माणसं या दोन खोल्यांत एकमेकांना चुकवत राहिली होती. सरांना वाटलं आता ही रडेल, बापाच्या गळ्यात पडेल आणि सगळं सुरळीत होईल. तसलं काही झालं नाही. ती चौकटीवरून हलली नाही. उलट सरांवरच घसरली. "म्हणजे बाबा चांगले आहेत, म्हणून काम परत येणार आहे का? तुम्ही इथे कागदावर सही घ्यायला आलात ना? द्या, कुठे आहे कागद?" कागद सरांच्या खिशात होता. "आहे," ते म्हणाले, "पण मी काढणार नाही." "का? माझी चिठ्ठी कुठली आलीय आज?" "चिठ्ठी नाही." "मग तुम्हाला काय वाटतं, सर? तुम्हाला स्वतःला? तीन वर्षं तुमच्या हाताखाली आहे मी, मला माहीतच नाही तुम्हाला काय वाटतं."

सरांनी तोंड उघडलं आणि त्यांच्या ध्यानात आलं की तयार असं एकही वाक्य त्यांच्याकडे नाही. "मला वाटतं," ते म्हणाले, आणि अडखळले, "मला वाटतं तुझ्या वडिलांवर अन्याय झाला. तो ठेकेदाराने केला. किल्लीवाल्याने नाही. त्याच्या पडद्यामागे एक मूल आहे, सतराचा पाढा चुकतं. कुलूप लावलं तर ते आत राहील. आणि... मी तुला ते वाक्य द्यायला नको होतं. मी चुकलो. मला लाज वाटते." वाईट झालं भाषण. क्रम चुकला, शेवट पडला. ती ऐकत होती. "हे रविवारी तिथे येऊन बोलाल?" तिने विचारलं. "चौकात? त्या सगळ्यांसमोर?" तिचे वडीलही मान वर करून बघायला लागले. सरांच्या डोळ्यांपुढे चौक आला, पाचशे कुलपं, चष्मेवाला, शेजारी, जुने विद्यार्थी. तीस वर्षांत शेकडो मुलांना त्यांनी व्यासपीठावर ढकललं होतं आणि स्वतः मात्र विंगेत उभं राहून घड्याळ धरलं होतं. हो म्हणावं असं वाटलं. हो म्हणणं सोपं होतं, आणि तिला ते लगेच कळलं असतं. "मला भीती वाटते," सर म्हणाले.

खिशात फोन थरथरायला लागला. पाच वाजले असणार, मुख्याध्यापिकाच असणार. सरांनी तो वाजू दिला. तोफ चौकट सोडून पुढे आली, वर्तमानपत्राच्या कडेला बसली, वाटीतले स्क्रू बोटाने ढवळायला लागली. "मलाही," ती म्हणाली. पुढचं वाक्य सरांच्या जिभेच्या टोकावर आलं होतं, ते त्यांनी दातांखाली धरून ठेवलं. वडिलांनी पातं खाली ठेवलं. "त्यांनी भाषण लिहून दिलंय," ती स्क्रूंशीच बोलावं तसं बोलत होती, "चांगलं आहे तसं. तीन दिवस झाले. पाठच होत नाहीये, सर. कुलूप लावू इथपर्यंत येतं, आणि पुढचं आठवतच नाही."